अंगठ्याच्या हाडाचं ऑपरेशन: ठरवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये फिजिओथेरपी करताना पायाच्या अंगठ्याच्या हाडाचे (डॉक्टर याला ‘बनियन’ म्हणतात) पेशंट माझ्याकडे दोन वेळा येतात. एकदा ‘ऑपरेशन करू का?’ हे विचारायला, आणि पुढे कधीतरी ‘ऑपरेशनला दोन महिने झाले, पाय अजून सुजतो कसा?’ हे विचारायला. दुसऱ्या वेळचे बहुतेक प्रश्न पहिल्याच वेळी विचारून घ्यायचे असतात. ते राहून जातात, म्हणून हे लिहितेय.

आधी एवढं लक्षात घ्या. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा दिसतो तिथे नवीन हाड उगवलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि मधला सांधा बाहेर डोकावतो. म्हणूनच ‘वरचं टेंगूळ तेवढं तासून टाका’ ही मागणी करू नका. हाडाची दिशा तशीच राहिली तर टेंगूळ परत येण्याची शक्यता मोठी असते. आत्याला होतं, आईला होतं आणि आता मला, असं बऱ्याच घरांत असतं. ठेवण वारशाने येते आणि निमुळती पादत्राणं त्यात भर घालतात.

दुखत नसताना ऑपरेशन

पाय फोटोत वाईट दिसतो, एवढ्यासाठी हाड कापून घेऊ नका. या ऑपरेशनमध्ये हाडाला काप देऊन ते सरकवतात, स्क्रू बसवतात, कधी सांधाच कायमचा जखडतात. व्यवस्थित झालेल्या ऑपरेशननंतरही अंगठा ताठर राहू शकतो, कडेची त्वचा बधिर राहू शकते, भार सरकून दुसऱ्या बोटाखाली चवडा दुखू शकतो, वाकडेपणा पुन्हा येऊ शकतो. रोजच्या दुखण्यातून सुटायचं असेल तर हे धोके पत्करण्यात अर्थ आहे. न दुखणाऱ्या पायाला ते का द्यायचे? नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही, हेही आधी विचारून घ्या.

चप्पल न बदलताच तारीख घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती टाळायला एक कागद पुरतो. संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा. दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड आखून घ्या. ती आकृती कापा आणि रोजच्या चपलेवर किंवा बुटाच्या तळावर ठेवा. बऱ्याचदा कागद दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, आणि तोच पाय त्याच बुटात रोज आठ-दहा तास कोंबलेला असतो. मेन रोडला खरेदीला जाताना हा कागद पिशवीत न्या. दुकानदार ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. अंगठ्याच्या सांध्यावर शिवण नको, पंजा रुंद हवा, टाच कमी हवी.

अंबडच्या कारखान्यातले एक काका ऑपरेशनची चिठ्ठी घेऊनच आले होते. सेफ्टी शूजचं पुढचं पोलादी कवच कधीच सैल होत नाही, आणि स्टोअरमधून त्यांना वर्षानुवर्षं एकच अरुंद मापाचा जोड मिळत होता. रुंद पंजाचे बूट मागून घेतले, पोटऱ्यांचे आणि तळपायाचे व्यायाम केले, आणि दुखणं इतकं उतरलं की चिठ्ठी तशीच राहिली. सांधा वाकडाच आहे, पण ते पूर्ण पाळी उभे राहतात. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. रुंद पादत्राणं काही महिने इमानेइतबारे वापरूनही दुखत असेल, तर मात्र सर्जनकडे जायची वेळ झाली.

लग्नाची तारीख बघून ऑपरेशन

एका शिक्षिकेने मुलीच्या लग्नाआधी पाय ‘मोकळा’ करून घ्यायचं ठरवलं. डिसेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन, जानेवारीच्या शेवटी लग्न. सर्जननी सांगितलं होतं, साधारण सहा आठवड्यांत हाड धरतं. त्यांनी ऐकलं, सहा आठवड्यांत सगळं पूर्ववत. येवल्याची पैठणी आणि तिला शोभेल अशी सँडल आधीच घेऊन ठेवली होती. ऑपरेशननंतरचा टाचेवर भार देणारा बूट पाचव्याच आठवड्यात सुटला, कारण पत्रिका वाटायच्या होत्या. लग्नाच्या दिवशी कार्यालयात सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या. माझ्याकडे आल्या तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं, सँडलचा पट्टा जिथे होता तिथे त्वचेत खोल वळ. एक्स-रेत कापलेला तुकडा थोडा सरकलेला निघाला. पुन्हा बूट, पुन्हा विश्रांती. अंगठा आज आधीपेक्षा कमी वाकडा आहे, पण ताठर आहे आणि मांडी घालून बसताना दुखतो. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. घाई झाली, आणि ‘सहा आठवडे’ म्हणजे नेमकं काय हे घरात कुणीच विचारलं नाही.

ते असं असतं. पहिले दोन आठवडे पाय बराच वेळ उशीवर उंच ठेवायचा. साधारण सहा आठवडे खास बूट. उजवा पाय असेल तर तोपर्यंत गाडी चालवायची नाही, स्कूटीसुद्धा नाही. सैल बुटात पाय जायला दोन-तीन महिने लागतात. संध्याकाळची सूज सहा महिने, काहींना वर्षभर राहते. छोट्या छिद्रांतून केलं की लगेच बरं होतं, असं ऐकून येणारे वाढलेत. व्रण लहान होतो हे खरं, पण हाड तरीही कापलेलंच असतं आणि ते जुळायला आपला वेळ घेतं.

म्हणून पुढचे सहा महिने समोर ठेवून मगच तारीख घ्या. निफाडच्या बागायतदाराला ऑक्टोबरच्या छाटणीत घरी बसता येणार नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायची असेल, तर उन्हाळ्यातलं ऑपरेशन त्या वर्षी जमत नाही. 2027 च्या सिंहस्थात दिवसभर गर्दीत चालायचं असेल तर हिशोब आत्ताच करा. जुन्या नाशकातल्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर उंच अरुंद जिन्याचा आणि भारतीय संडासाचा विचार आधी, ऑपरेशनचा नंतर.

उरलेल्या चुका

झोपून काढलेल्या एक्स-रेवर निर्णय घेऊ नका. उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला हवा. त्यात अंगठ्याचा कल मोजतात. 15 अंशांपर्यंत तो सर्वसाधारण धरतात आणि 40 च्या पुढे तीव्र.

बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे आणि रात्रीचे पट्टे घासणं कमी करतात, आराम देतात. मोठ्या माणसाचा वाकडा अंगठा त्यांनी सरळ होत नाही. जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो बघून पैसे घालवू नका.

एका रात्रीत सांधा लाल, गरम आणि चादरही सहन होणार नाही इतका दुखरा झाला, तर तो बहुधा गाऊट (युरिक ॲसिडमुळे सुजणारा सांधा) असतो किंवा जंतुसंसर्ग. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही पाय एकदम नकोत. एक पाय भक्कम असला की घरात निदान वावरता येतं.

घाई वाईट, तशी टाळाटाळही. दुसरं बोट अंगठ्यावर चढायला लागलं, चवड्याखाली कुरूप धरलं, आणि तरी तुम्ही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत असाल, तर पुढचं ऑपरेशन अंगठ्यापुरतं राहणार नाही. बोटाचंही करावं लागेल. दुखणारा पाय सर्जनना दाखवून ठेवा, दाखवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं होत नाही.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय आणि पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो, आणि यात विडी-सिगारेटच नाही तर मिश्रीही आली. बायका मिश्रीचं सहसा सांगत नाहीत, सासरच्यांसमोर तर नाहीच. सर्जनना एकटं गाठून सांगा, आणि ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून हाड धरेपर्यंत ती डबी घरात ठेवू नका.