जमावबंदी मोडायची ठरली, तर तयारी काय करावी

मोर्च्याला परवानगी मागतात. कायदेभंगात एक आदेश उघडपणे, आधी कळवून मोडायचा आणि होणारी कारवाई अंगावर घ्यायची. एकच आदेश. १९३० साली शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं, कारण भांडण मिठाच्या कायद्याशीच होतं. हल्ली किनाऱ्यावर भांडण प्रकल्पाशी असतं आणि मोडते जमावबंदी. चालेल, पण सोबत हायवे अडवू नका. ॲम्ब्युलन्स अडकली की गावाची बाजू त्याच क्षणी पडते.

आधी मनाई आदेशाची प्रत मिळवा. अजून सगळे '१४४ लागलं' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय. आपल्याकडे बरेचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(३) लावतात, त्याला १५ दिवसांपुढे शासनाची मंजुरी लागते. मुदत आणि हद्द नीट वाचा. आदेश कालच संपला असेल, तर मोडणार काय?

जागा, वेळ, अंदाजे माणसं लिहून पोलीस ठाण्यात पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

दहा माणसांमागे एक स्वयंसेवक, तोही त्याच वाडीतला. कोण तापट आणि कोण पिऊन आलाय हे त्यालाच कळतं. लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी बसायचं. देवळाच्या आवारात दोनदा सराव करा. कुणी दगड उचलला तर तो एकटाच उभा दिसतो. कमरेचा कोयता घरी ठेवा, सवयीने येतोच तो. रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला, मामलेदारासह माणसं मेली.

मे महिन्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, सावली नसते. माणशी तीन लिटर पाणी, शिवाय मीठ घातलेलं कोकम सरबत.

अटक कोण करून घेणार, त्यांची यादी आदल्या रात्रीच करा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मागे, पाण्याच्या कामावर. गुन्हा चारित्र्य पडताळणीत दिसतो. बाकीच्यांनी आधारची झेरॉक्स आणि दोन दिवसांच्या गोळ्या खिशात ठेवाव्या, वकिलाचा नंबर हातावर लिहावा.

उचलताना अंग सैल सोडा. आदेश मोडल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ जामीनपात्र आहे. पोलिसाला ढकललं की त्याच संहितेचं कलम १३२ लागू शकतं, ते जामीनपात्र नाही. एवढ्या एका धक्क्यावर गावाचे सहा महिने जातात. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. अटकेची वेळ बाहेरच्या कुणीतरी वहीत टिपावी.

सुटल्यावर सत्कार होतात आणि कोर्टाच्या तारखा विसरतात. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. तारखांची वही आणि तालुक्याला जायचा गाडीखर्च, दोन्ही एकाच माणसाकडे द्या.