यवतेश्वर घाटात नवी हॅचबॅक आणि जुनी स्पोर्ट्स कार: तुलना कशी करावी

नवी हॅचबॅक आणि जुनी स्पोर्ट्स कार यांची तुलना करताना बहुतेक जण माहितीपत्रकातले आकडे शेजारी शेजारी मांडतात आणि तिथेच फसतात. १९६२ साली आलेल्या एमजीबी रोडस्टर या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन १,७९८ सीसीचे, त्यावर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ताकद ९५ अश्वशक्ती. २०२४ च्या मारुती स्विफ्टचे इंजिन १.२ लिटरचे, तीन सिलिंडरचे आणि ताकद सुमारे ८१ अश्वशक्ती. सुरुवातीच्या एमजीबीचे आणि या स्विफ्टचे वजनही ९०० ते ९५० किलोंच्या दरम्यानच भरते. एवढ्यावरून जुनी गाडी सरस ठरवायची, तर रस्त्यावर जायची गरजच उरत नाही.

साताऱ्यात राहणाऱ्याला चाचणीचा रस्ता शोधावा लागत नाही. पोवई नाक्यावरून निघून यवतेश्वर घाटाने कासपर्यंत जावे आणि त्याच वाटेने परतावे; मात्र फुलांच्या हंगामातली गर्दी टाळून आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, सकाळी लवकर. दोन्ही गाड्यांना चालक एकच असावा, शेजारी वही घेऊन बसणाराही दोन्ही वेळा एकच असावा आणि दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा टायर थंड असतानाच तपासावी.

त्याआधी कागदपत्रे पाहावीत. ५० वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी २०२१ च्या नियमांनुसार विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेत झाली असेल, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाडीची चाचणी रॅलीच्या दिवसासाठीच राखून ठेवावी.

पहिली नोंद गाडी सुरू करतानाच घ्यावी. स्विफ्टमध्ये बटण दाबले की हवा, तापमान आणि पेट्रोल यांचा हिशेब संगणक करतो. एमजीबीत तो हिशेब आपल्या बोटांवर असतो: चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका, ओढायचा, इंजिन धरले की तो थोडा थोडा आत सोडायचा, आणि घाई केली तर इंजिन बंद पडते, उशीर केला तर पेट्रोलचा वास थेट नाकात येतो. चोक पूर्ण आत जाईपर्यंत किती मिनिटे लागली, ते वहीत लिहावे. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. वर हवा विरळ होत गेली तरी कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि इंजिन किंचित जड चालते. नव्या गाडीचे सेन्सर हा फरक आपोआप भरून काढतात.

घाटात दोन्ही गाड्या ताशी ४० किमीच्या पुढे नेऊ नयेत. वेगाची हौस भागवण्याची ही जागा नव्हे, आणि तशी गरजही पडत नाही, कारण जमिनीलगत बसवणाऱ्या एमजीबीत चाळीसचा वेगही साठीसारखा भासतो. वळणावर स्टिअरिंगमधून रस्त्याची खरखर हातापर्यंत किती येते आणि मागच्या पाटा-स्प्रिंगांमुळे खड्ड्यावर गाडी कशी उसळते, याकडे लक्ष द्यावे. इथे माझे मत एमजीबीकडे झुकते; आजीला दवाखान्यात न्यायचे असेल, तर मात्र मी किल्ली स्विफ्टचीच उचलेन.

वर पोहोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाफ होऊन ती नळीत अडकते आणि गाडी हटून बसते. तसे झाल्यास बॉनेट उघडून थांबावे, स्टार्टर सतत मारू नये.

खरी परीक्षा उतारावर असते. स्विफ्टमध्ये एबीएस (जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग आहेत. एमजीबीत पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि बाकी सारे चालकाच्या पायावर. म्हणून दोन्ही गाड्या खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावरच उतरवाव्यात, ब्रेक थोडा थोडा दाबून सोडावा आणि पेडल पहिल्यापेक्षा खोल जाऊ लागले तर लगेच सुरक्षित जागी थांबावे. पायथ्याशी आल्यावर पुढच्या चाकाला न शिवता तळहात वीतभर अंतरावर धरावा आणि कोणत्या गाडीच्या ब्रेकची धग जास्त लागते, ही शेवटची नोंद वहीत करावी.