इझाकायातले दुपारचे ताट: हजार येनांच्या आसपास पोटभर जेवण

टोकियोत नोकरीसाठी किंवा फिरायला आलेल्या मराठी माणसाची इझाकायाशी, म्हणजे जपानी पिण्या-खाण्याच्या दुकानाशी, ओळख बहुधा रात्रीच होते. ऑफिस सुटल्यावर सहकाऱ्यांबरोबर बिअर, मग साके, सोबतीला एकामागून एक येणाऱ्या छोट्या बशा आणि शेवटी खिशाला चांगलेच जाणवणारे बिल. याच इझाकायांपैकी पुष्कळ दुपारी साधारण ११:३० ते २ या वेळात उघडे असतात आणि ८०० ते १,२०० येनांत भात, मिसो सूप, लोणचे, एखादी छोटी वाटी व एक मुख्य पदार्थ असे पूर्ण ताट देतात. त्याला तेइशोकु म्हणतात. जागेचे भाडे दुपारी दुकान बंद ठेवले तरी भरावेच लागते आणि दुपारी समाधानाने जेवून गेलेले गिऱ्हाईक संध्याकाळी चार मित्रांना घेऊन येण्याची आशा असते. म्हणून रात्री ज्या स्वयंपाकघरातले पदार्थ महाग पडतात, त्याच स्वयंपाकघराचे जेवण दुपारी स्वस्तात मिळते.

शिम्बाशी, कान्दा, युराकुचो हे कचेऱ्यांचे भाग यासाठी उत्तम. निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीतून तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाचीला कामावर जाणाऱ्या आपल्या मंडळींना तर ते अगदी हाताशी आहेत. मात्र १२ ते १ या तासात सगळ्या कचेऱ्या एकदम सुटतात आणि दारात रांग लागते. एक वाजून गेल्यावर जागा सहज मिळते, पण दिवसाचा खास पदार्थ तोवर संपलेला असू शकतो. म्हणून शक्य असेल तर दार उघडता उघडताच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दारावर नोरेन, म्हणजे कापडी पडदा, बाहेर लावलेला असेल तर दुकान चालू आहे असे समजावे. शेजारच्या फळ्यावर पदार्थ आणि किमती लिहिलेल्या असतात. दोन किमती दिसल्या तर मोठी किंमत करासह असते. बसून खाण्यावर २०१९ च्या ऑक्टोबरपासून १० टक्के कर आहे. हाताने लिहिलेली अक्षरे फोनच्या भाषांतराला नेहमीच उलगडतात असे नाही, तेव्हा आत डोकावून ‘रान्ची यात्तेमासु का’, म्हणजे दुपारचे जेवण चालू आहे का, एवढे विचारावे आणि किती माणसे ते बोटांनी दाखवावे. एकट्या माणसाला बहुधा काउंटरवर बसवतात, गर्दीत अनोळखी माणसाच्या टेबलावरही बसवतात. त्यात संकोच वाटून घेऊ नये. चटईची बैठक असेल तेथे बूट काढून दाराशी असलेल्या खणात ठेवावे लागतात.

काय मागवावे हे सुचत नसेल तर ‘हिगावारी कुदासाइ’ म्हणावे. हे रोज बदलणारे ताट असून बहुतेक ठिकाणी तेच सर्वांत लवकर येते आणि किमतीलाही परवडते. ज्यांना डुकराचे किंवा गोमांस चालत नाही त्यांनी मात्र आधी विचारून घ्यावे: ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘ग्यू’ म्हणजे गोमांस. आल्याच्या चवीचे शोगायाकी बहुधा डुकराच्या मांसाचे असते, कारागे, म्हणजे तळलेले तुकडे, बहुधा कोंबडीचे. शाकाहारी वाचकांना येथे खरे ते सांगणे भाग आहे. मिसो सूपचा आणि उकडलेल्या भाज्यांचा अर्क म्हणजे दाशी, आणि तो बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशापासून काढतात. त्यामुळे ताटात मासा दिसत नसला तरी चवीत असतो. कडक शाकाहार पाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

मासे खाणाऱ्याने सर्वप्रथम साबा शिओयाकी घ्यावे. साबा हा आपल्या बांगड्याच्या कुळातला, पण अंगाने मोठा आणि अधिक तेलकट. मीठ लावून भाजलेला त्याचा अर्धा भाग येतो, वरची कातडी फुगून जागोजागी करपलेली असते, कडेला किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा छोटा ढीग असतो. सोया सॉस माशावर न ओतता त्या मुळ्यावर दोन-चार थेंब घालावा आणि माशाच्या प्रत्येक घासाबरोबर थोडा मुळा घ्यावा; माशाचा तेलकटपणा त्याने छान कापला जातो आणि भात भराभर संपतो. अजी किंवा शरद ऋतूतला साम्मा हे मासे अख्खे आले तर वरची बाजू खाऊन काटा अलगद उचलावा, मासा उलटा करू नये.

भाताची वाटी डाव्या हातात उचलून खावे, सूपही वाटीलाच ओठ लावून प्यावे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत आणि आपल्या चॉपस्टिकमधून थेट दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये पदार्थ देऊ-घेऊ नयेत, कारण या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. भात वाढवून घेणे, म्हणजे ओओमोरी, किंवा पुन्हा घेणे, म्हणजे ओकावारी, अनेक ठिकाणी फुकट असते; फळ्यावर तसे लिहिलेले असते.

जेवण झाले की टेबलावरची चिठ्ठी घेऊन गल्ल्यावर जावे. काही जुनी दुकाने फक्त रोख घेतात, म्हणून १,००० येनांच्या दोन नोटा जवळ असाव्यात. टीप देण्याची पद्धत नाही. दुपारच्या गर्दीत जेवल्यावर रेंगाळत बसू नये, बाहेर कोणीतरी उभे असते. जागा आवडून संध्याकाळी परत जाणार असाल तर रात्रीचा हिशेब वेगळा असतो हे ध्यानात ठेवावे: बसल्याबरोबर न मागता एक छोटी बशी पुढे येते, तिला ओतोशी म्हणतात, आणि तिचे माणशी ३०० ते ५०० येन बहुधा बिलात लागतात.