बांधावरची फुलपाखरं: शोधायची कशी, टिपायची कशी

फुलपाखरांचे फोटो काढायची हौस असेल तर कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याआधी एक बांध धरा. शेताचा, ओढ्याकडेचा, पडीक माळाचा, कुठलाही चालेल. तिथलं तण कुणी सारखं जाळत किंवा फवारत नसावं, एवढंच बघा. माझा बांध पुरंदर तालुक्यातला आहे. एका अंगाला अंजिराची बाग, दुसऱ्या अंगाला सीताफळं आणि मधल्या पट्ट्यात रुई, टणटणी, एरंड, टाकळा, दगडी पाला, खुळखुळा असं सगळं माजलेलं. दर पावसाळ्यानंतर धाकटे दीर विचारतात, "वहिनी, बांधावर तणनाशक मारून टाकू का? पंपात थोडं उरलंय." आणि दर वेळी मी सांगते, "भाऊजी, पिकात खुरपून घेऊ, पण बांध तेवढा राहू द्या." तो बांध राहिला म्हणूनच मला फुलपाखरं शोधत लांब जावं लागत नाही.

फुलपाखरामागे पळून फोटो मिळत नाही. झाड ओळखायला शिका, फुलपाखरू तिथे येतंच. फुलातला मध ती कुठलाही पितात, पण अंडी घालताना मादी फार चोखंदळ असते, कारण तिच्या अळीला ठरावीकच पाला चालतो. रुईवर प्लेन टायगर, म्हणजे आपला बिबळ्या कडवा. एरंडावर कॉमन कॅस्टर. सीताफळावर आणि रस्त्याकडेच्या उंच अशोकावर टेल्ड जे. टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो आणि एमिग्रंट. अंगणातल्या कुंडीत पानफुटी असेल तर रेड पिएरो. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, म्हणून पान उजेडाकडे धरून बघायचं. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. देशात राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलंच राज्य पहिलं.

आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल थोडं जास्त सांगते. बांडगूळ झाडाचा रस ओढतं, ते काढावंच लागतं, त्यात वाद नाही. पण कोयता चालवण्याआधी पानं उलटून बघा. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, इंग्रजीतलं कॉमन जेझबेल, त्याच पानांवर एका जागी पुष्कळ अंडी घालतं आणि अळ्याही घोळक्याने राहतात. तशा अळ्या दिसल्या तर ती फांदी त्यांचे कोष होऊन फुटेपर्यंत ठेवा. आंब्याचं तेवढ्याने काही बिघडत नाही.

अंडी घालणारी मादी कशी ओळखायची, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. लिंबाशेजारी सकाळी उन्हं वर आल्यावर उभं राहा. लाइमची मादी फुलांकडे बघतही नाही, पानापानाला शिवत फिरते. पुढच्या पायांनी पान चाचपते. पायांनाच तिला चव कळते. चुकीचं झाड असेल तर क्षणात पुढे. योग्य कोवळी पालवी सापडली की पंख फडफडत ठेवूनच पोट आकड्यासारखं वळवते, पालवीला टेकवते, आणि उडून जाते. ती जिथे टेकली तिथे जवळ जाऊन बघा: मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं, गोल, एकच अंडं. त्या फांदीला सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. पुढे तिथेच अळी दिसेल. लहानपणी ती हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी असते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोटोसाठी मुद्दाम डिवचू नका. पक्षी किंवा गांधीलमाशी जवळ आली की ती स्वतःच काढते, तेव्हा टिपा.

वेळेचं गणित सोपं आहे. फुलपाखराचं रक्त थंड, त्यामुळे उडायच्या आधी त्याला ऊन खावं लागतं. हिवाळ्यात सूर्य वर येताना ते पंख पसरून दगडावर, वाळल्या पानावर बसलेलं असतं, फारसं हलत नाही. हीच सगळ्यात चांगली वेळ. दहा-साडेदहानंतर ती सुसाट सुटतात. दुपारी पाटाच्या कडेला, ठिबकची नळी गळते तिथल्या चिखलात किंवा गोठ्याबाहेरच्या ओलीत बघा. एमिग्रंट, टेल्ड जे, निळी चिमुकली फुलपाखरं तिथे रांगेने बसून क्षार शोषतात. त्याला चिखलपान म्हणतात आणि त्यात बहुतेक नरच असतात. सोंड चिखलात गेली की ती इतकी गुंगतात की हातभर अंतरावर जाता येतं. वर्षाचं म्हणाल तर पाऊस उघडीप द्यायला लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ बहराचा.

जवळ जाताना मातकट, फिके कपडे घाला. थेट चालत जाऊ नका, तिरपं जा, खाली वाका, आणि स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की उडालंच. उडालं तरी जागा सोडू नका. ब्लू पॅन्सी, लेमन पॅन्सी यांचे नर स्वतःचा इलाका राखतात, हाकलून आले की पुन्हा त्याच दगडावर बसतात. कॅमेरा त्या दगडावर रोखून गुडघ्यावर बसून राहायचं, बस्स.

मोबाइल असला तरी चालतो. फार जवळ नेण्यापेक्षा दोन पट झूम ठेवा, पडद्यावर फुलपाखरावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि एका दमात पाच-सहा फोटो घ्या. कॅमेरा असेल तर 100 मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स, म्हणजे जवळून बारीक गोष्टी टिपणारी, उत्तम. शटरचा वेग 1/500 सेकंदापेक्षा कमी करू नका, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ 8 च्या जवळ ठेवा. टेल्ड जे फुलावर बसल्यावरही पंख फडफडवत राहतं, त्याला 1/2000 लागतं. मात्र आकड्यांपेक्षा कोन महत्त्वाचा. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाला अगदी समांतर धरा, उघडे असतील तर वरून. जरा तिरका झाला की एक टोक स्पष्ट आणि दुसरं पुसट. सुंदर पार्श्वभूमीच्या मागे लागण्याआधी पंखाच्या दोन्ही बाजू टिपून घ्या. निळ्या आणि पिवळ्या छोट्या जाती तर खालच्या बाजूवरूनच ओळखतात: कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाखाली मधल्या भागात दोन ठिपके असतात, थ्री-स्पॉटला तीन.

दोन्ही बाजू का, याचं उत्तम उदाहरण माझ्या रुईच्या झाडाजवळच आहे. रुईवर वाढलेलं प्लेन टायगर विषारी होतं, पक्षी त्याला टाळतात. त्याचा फायदा घेते डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. ती विषारी नाही, तिची अळी घोळीची भाजी खाऊन वाढते. पण रंग तोच नारिंगी, टोकं तशीच काळी-पांढरी. लांबून फरक कळत नाही. फोटो मोठा करून मागचा पंख बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, तीन किंवा चार. एगफ्लायच्या मादीच्या तिथे ते नसतात, वरच्या कडेला एक ठिपका तेवढा असतो. तिचा नर मात्र वेगळाच, काळ्या पंखांवर जांभळ्या कडेचे मोठे पांढरे गोल. सप्टेंबरमध्ये घोळ पसरलेल्या मोकळ्या रानात तो एखाद्या काटकीवर ठाण मांडून बसलेला सापडतो.

काही फुलपाखरं फुलावर फारशी येतच नाहीत. त्यांच्यासाठी झाडाखाली पडलेली, आंबलेली अंजिरं मी तशीच राहू देते. चिंचेवर वाढणारं ब्लॅक राजा, आंब्यावरचं कॉमन बॅरन, शिवाय इव्हनिंग ब्राऊन त्या वासावर येतात. इव्हनिंग ब्राऊन दिवसभर पाचोळ्यात दडतं, दिवेलागणीला उडतं. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात, कोरड्या दिवसांतली पिढी थेट वाळकं पान. अंजीर नसेल तर पिकून काळं पडलेलं केळं ठेवा. मात्र कीटकनाशक मारलेलं फळ ठेवू नका.

आता दुसऱ्याच्या रानात जायचं असेल तर. आमच्याकडे कॅमेरा घेऊन बांधावर फिरणारा अनोळखी माणूस दिसला की तो जमीन बघायला आलाय की मोजणीला, हाच पहिला प्रश्न. म्हणून आधी वस्तीवर जा, राम राम घाला, काय करताय ते सांगा, काढलेला फोटो दाखवा. मग मालकच सांगतो कुठे फवारणी झालीय, कुठल्या कुंपणात करंट आहे. पायात बूट हवेतच; आमच्या खडकाळ माळावर फुरसं असतं आणि गवतात घोणस. दगड हाताने उलटू नका.

फुलपाखरू पकडून, थंड करून, मलूल झाल्यावर फुलावर ठेवून फोटो काढणारेही आहेत. असे फोटो बघताना मला संताप येतो. त्यातून फुलपाखराचं खरं वागणं काहीच दिसत नाही, आणि पंखावरचे खवले एकदा निघाले की परत येत नाहीत.

फोटो घेतल्यावर तारीख, वेळ, गाव, आणि ते कुठल्या झाडावर काय करत होतं हे तिथल्या तिथे लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया'च्या संकेतस्थळावर टाकलंत तर जाणकार ओळख पटवून देतात आणि तुमच्या गावाची नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. सप्टेंबरात देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' असतो, सुरुवातीला तो महिना बरा. अंड्याचा, अळीचा, कोषाचा अंधुक फोटोही टाका, झाडाच्या पानासकट. पंख पसरलेल्या फुलपाखरांचे फोटो ढिगाने येतात. कुठल्या गावात कुठली अळी कशावर वाढते, ही माहिती मात्र रोज रानात जाणाऱ्यांकडूनच मिळू शकते.