हायब्रीड घेताय? मग टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर आणि घरच्यांना घेऊन करा

परवा बेळगावजवळच्या खानापूरहून दाजींचा फोन आला, गाडी बघून आलो, चालवून पण बघितली, मस्त आहे, उद्या बुक करतो म्हणाले. किती चालवली विचारलं तर शोरूममधून निघून सर्कलला वळसा घालून परत, पाच-सात मिनिटं. म्हटलं दाजी थांबा की जरा. एवढ्या लाखांची वस्तू आणि त्यात हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, ती पाच मिनिटांत कळतच नाही. बॅटरी भरलेली असताना ती वेगळी चालते, बॅटरी उतरली की वेगळी, इंजिन थंड असताना वेगळी, चढावर माणसं भरून तर अजून वेगळी. शोरूमच्या फेरीत यातली एकच, तीपण सगळ्यात छान बाजू दिसते. मी दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं, त्यामुळं दाजींना जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, की समोरची गाडी स्ट्राँग हायब्रीड आहे का माइल्ड. बिल्ल्यावर हायब्रीड दोन्हीच्या असू शकतं. मारुतीचं स्मार्ट हायब्रीड म्हणजे माइल्ड, त्यात छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते पण नुसत्या बॅटरीवर गाडी हलत नाही. टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाचीच इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी यांची जी स्ट्राँग मॉडेलं आहेत ती खरोखर इंजिन बंद ठेवून चालतात. हायरायडर आणि ग्रँड विटारामध्ये दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून टेस्ट ड्राइव्हला तुम्हाला घ्यायचंय तेच मॉडेल मागा, दुसरं देऊन "सेमच आहे सर" म्हटलं तर ऐकू नका, सेम अजिबात नाही.

वेळ सकाळची पहिली घ्या, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड गाडीचं स्टार्ट बटण दाबलं की आवाज येत नाही, नुसतं रेडी लागतं, पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं चालूच झाली नाही. थोड्या वेळात इंजिन आपसूक सुरू होतं आणि जागेवर उभं असताना पण चालत राहतं, ते स्वतःला गरम करत असतं, खराबी नाही. पण तो आवाज आणि थरथर तुम्हाला चालेल का ते तेव्हाच बघायचं. स्ट्राँग हायरायडर, ग्रँड विटाराचं दीड लिटरचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, चार सिलिंडरच्या गाडीतून येणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

मग गाडी बेळगाव गावात घाला. गणपत गल्ली, खडे बाजार, जिथं दहाच्या स्पीडनं जावं लागतं तिथं. खरी मजा इथंच आहे, कारण सारखं थांबा-निघा असलं की बहुतेक वेळ मोटरच ओढते. आणि इथंच एक लक्षात येईल, पुढची माणसं बाजूला होत नाहीत कारण त्यांना गाडी पटकन ऐकूच येत नाही. सोबतचा शोरूमचा पोरगा कन्नडमध्ये "निधान होग्री सर", म्हणजे सावकाश चला, म्हणाला तर बरोबरच म्हणतो तो, खास करून म्हातारी माणसं आणि लहान पोरं असलेल्या गल्लीत.

टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलेलं मिळालं तर नशीब समजा. एसी फुल्ल लावून गेटला उभे राहा. स्ट्राँग हायब्रीडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी थंड हवा येत राहते. साध्या किंवा माइल्ड गाडीत इंजिन बंद झालं की नुसता पंखा उरतो. मे महिन्यात गेटला उभं राहणाऱ्याला हा फरक सांगायची गरज नाही. फक्त बॅटरीचे दांडे बघत राहा, उतरत जातील आणि एका पॉइंटला उभ्या गाडीत इंजिन सुरू होऊन चार्ज करायला लागेल. आमची आई पहिल्या वेळी दचकली होती, "अरे कोण चालू केलं रं" म्हणून.

ब्रेकवर मात्र घाई करू नका. पाय हलका ठेवला की आधी मोटर गाडीला आवरते आणि तीच वीज बॅटरीत जाते, जोरात दाबलं की नेहमीचे ब्रेक लागतात. हे दोन एकमेकांत मिसळतात ती जागा पायाला कळते, काही गाड्यांत मऊ, काहींत शेवटी थोडं पकडल्यासारखं होतं. चाळीसच्या स्पीडवरून हळूहळू थांबवून बघा, मग एखाद्या हंपला थांबवून बघा, असं पाच-सहा वेळा. मागं घरचं कोणीतरी बसवा आणि त्यांनाच विचारा मान पुढं जाते का. चालवणाऱ्याला सवय होते, मागं बसणाऱ्याला होईलच असं नाही.

आता हायवे. काकतीवरून वंटमुरी घाटाकडं न्या, यासाठीच तासभर मागायचा. जाताना उतार आहे, तिथं सिलेक्टरवर बी असेल तर त्यात टाका, गाडी स्वतःहून आवरून धरते. होंडा सिटीत तेच काम स्टिअरिंगमागच्या पॅडलवर पण होतं. लांब उतारावर बॅटरी भरली की मग वीज ठेवायला जागा नसते आणि इंजिन फिरवून गाडी आवरली जाते, त्याचा आवाज मोठा येतो. घाबरायचं नाही, पण चोर्ला नाहीतर अंबोली नेहमी उतरणाऱ्यांनी हा आवाज आधी ऐकून ठेवलेला बरा.

येताना तोच घाट चढा, एसी चालू आणि गाडीत चार माणसं. अॅक्सिलेटर दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि स्पीड मागून चढतो, कारण गिअर बदलल्यासारखे टप्पे नसतात. डिझेल मॅन्युअल चालवलेल्याला हे अजिबात पटत नाही, दाजी त्यातलेच. म्हणून ओव्हरटेक करून बघाच. ऊसाचा सीझन असेल तर निपाणी-चिकोडी साईडला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मिळतोच, दोन पदरी रस्त्यावर त्याच्या मागून साठवरून नव्वदला जायला किती वेळ लागतो हे तुमच्या मनाला पटलं पाहिजे, समोरचा रस्ता मोकळा असतानाच. बॅटरी भरलेली असताना एकदा आणि उतरलेली असताना एकदा. माझ्या मते हायब्रीडची खरी परीक्षा ही दुसरी.

अॅव्हरेजबद्दल. निघताना ट्रिप मीटर झिरो करा आणि बॅटरीचे दांडे किती होते त्याचा मोबाईलवर फोटो काढा. परत आल्यावर दांडे कमी असतील तर दिसणारं अॅव्हरेज खोटं आहे, बॅटरीतली उधारी त्यात धरलेलीच नाही, आणि सहा-सात किलोमीटरच्या फेरीत ही उधारी फार मोठी असते. जिथून निघालात तिथंच परत या म्हणजे चढ-उताराचा हिशोब जुळतो. स्ट्राँग मॉडेलांचे कंपनीचे आकडे हायरायडर, ग्रँड विटाराला 27.97, सिटीला 27 च्या आसपास, हायक्रॉसला 23.24 असे आहेत, ते टेस्टमधले. हायवेला शंभरच्या वर धरून चाललात की इंजिन बराच वेळ चालू राहतं आणि हायब्रीडचा फायदा घटतो. इथं लोकांचा उलटा समज असतो, हायवेला जास्त देईल म्हणून.

म्हणून हिशोब आपल्या वापराचा करा. समजा महिन्याला 1000 किलोमीटर, बहुतेक गावातलं. पेट्रोल ऑटोमॅटिक 13 देते आणि हायब्रीड 22 असं धरलं तर महिन्याला साडेएकतीस लिटर वाचतं, लिटर 100 रुपये धरून 3150 रुपये. दोन्ही मॉडेलांत अडीच लाखाचा फरक असेल तर तो फिटायला साडेसहा वर्षं. तेच सगळं हायवेचं, 16 आणि 20 धरलं, तर वाचतात साडेबारा लिटर आणि फरक फिटायला साडेसोळा वर्षांहून जास्त. दर आठवड्याला पुण्याला जाऊन येणाऱ्यानं हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय सही करू नये असं मला मनापासून वाटतं.

गाडी परत लावल्यावर डिकी उघडा. मी हे केलं नव्हतं. आईची व्हीलचेअर आमच्या जुन्या गाडीत आडवी बसायची, नवीन गाडी घरी आल्यावर कळलं की खाली बॅटरीमुळं डिकीची उंची कमी आहे, आता मागची अर्धी सीट पाडल्याशिवाय खुर्ची जात नाही आणि मग चारच माणसं. सिटीचंच बघा, पेट्रोलला 506 लिटर आणि हायब्रीडला 306. तुमच्या घरात जे नेहमी न्यावं लागतं, खुर्ची असो, गावाकडून आणायचं तांदळाचं पोतं असो, ते टेस्ट ड्राइव्हला सोबत न्या आणि प्रत्यक्ष ठेवून बघा. लाजायचं काय त्यात. काही गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जायची जाळी असते, ती कुठं आहे विचारा, तिच्यावर पिशव्या ठेवायच्या नसतात.

शोरूममधून निघण्याआधी अजून दोन-तीन प्रश्न. बॅटरीची वॉरंटी टोयोटा, मारुती, होंडा तिघांचीही 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर आहे, ती कशानं रद्द होते हे लेखी घ्या. दुसरं, साधी 12 व्होल्टची बॅटरी पण गाडीत असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असून पण गाडी चालू होत नाही, त्यामुळं नोकरीला पुणे-गोव्यात असणाऱ्यांनी, ज्यांची गाडी गावी महिनाभर उभी असते त्यांनी, जंप स्टार्ट कुठून द्यायचा ते दाखवून घ्या. तिसरं, बंद पडली तर टो कशी करायची. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नसते.

आपल्या भागात अजून एक प्रश्न निघतोच, कोल्हापूरला घेऊ का. मॉडेल इथं चालवायला नसेल तर कोल्हापूरला जाऊन चालवून या, काहीच हरकत नाही. पण नुसत्या टॅक्ससाठी तिकडच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर एमएच पासिंग करू नका. कायद्यानं जिथं राहता किंवा गाडी ठेवता तिथलं रजिस्ट्रेशन लागतं आणि दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांच्या वर ठेवली तर नवीन नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकात 10 ते 20 लाखांच्या गाडीला आजीवन कर 17 टक्के आणि त्यावर सेस, हा आकडा ऑन-रोड किमतीत धरूनच वरचा हिशोब करा.

दाजींनी बुकिंग थांबवलंय. त्यांचं रोजचं खानापूर-बेळगाव जाणं-येणं आहे, थोडं हायवे थोडं गाव, त्यामुळं त्यांचा हिशोब मधोमध येतोय. बुधवारी सकाळी पहिली गाडी मागितली आहे, मावशी मागं बसणार आणि डिकीत तांदळाचं पोतं.