एमबीबीएसला पहिल्यांदा अर्ज करताय? कागदांना अकरावीतच लागा

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासमध्ये मुलं दोन वर्षं जीव तोडून अभ्यास करतात. नीटला चांगले मार्क पडतात आणि मग ऐन जुलैत बाप तहसील ते समाजकल्याण अशा खेपा घालत बसतो. घरात आधी कुणी डॉक्टर झालेलं नसेल, तर हे वेळेवर सांगणारंही कुणी नसतं. म्हणून सुरुवात कागदांपासून करू.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता. जातीचं प्रमाणपत्र हातात आलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जिल्हा जात पडताळणी समितीची वैधता लागतेच (अनुसूचित जमातींची समिती वेगळी). अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजच्या पत्रासह हा अर्ज करता येतो. सोबत जातीचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा.

हा पुरावा बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेत सापडतो. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा आणि तो तिथंच उभं राहून वाचा. रजिस्टरात ‘ग्यानबा पि. मारोती’ आणि आधारवर ‘ज्ञानोबा मारुती’ असा फरक आपल्याकडे घरोघरी निघतो. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र लगेच करून ठेवा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा उतारा किंवा जुने महसुली कागद शोधा. निजामकाळातली नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल, तर तिचं प्रमाणित भाषांतर लागेल. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जरूर जोडा, त्यानं काम पुष्कळ सोपं होतं. सरकार कधी कधी वैधतेसाठी मुदत वाढवून देतं, पण त्या भरवशावर लेकराचं वर्ष टांगू नका.

बाकीचे कागद तुलनेनं लवकर निघतात: वय-अधिवास-राष्ट्रीयत्व, नॉन क्रीमी लेयर (मागास वर्गातलं घर उन्नत गटात मोडत नसल्याचं, पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं), खुल्या वर्गासाठी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला.

अकरावीला मूल कोटा किंवा हैदराबादला पाठवायचा विचार असेल तर आधी एक नियम समजून घ्या. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. काही अपवाद आहेत, पण ते मोजकेच. तेलंगणाच्या सीमेलगतच्या देगलूर-किनवट भागातल्या पालकांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावं.

नीटचा फॉर्म भरताना नाव दहावीच्या सनदेवर आहे तसंच टाका. उमेदवाराला त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण व्हायला हवीत. नेट कॅफेत फॉर्म भरलात तरी मोबाईल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला, तर पुढं प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दुकानात बसावं लागतं आणि शेवटच्या तारखेलाच त्याचा फोन लागत नाही. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

निकालानंतर नोंदणी दोन ठिकाणी करायची असते. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के देशपातळीवरच्या जागा एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, राज्याच्या जागा सीईटी सेल (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) भरतो. एकीकडचा अर्ज दुसरीकडं चालत नाही. दोन्हींची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि घरातल्या एकानं तरी ती पूर्ण वाचा.

मग कॉलेजांचा पसंतीक्रम. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही आपल्याकडची जुनी सरकारी कॉलेजं. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली अलीकडची. पण यादी इथंच थांबवू नका. 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देणारं 70:30 चं प्रादेशिक सूत्र 2020 मध्ये रद्द झालं, तेव्हापासून पुणे-मुंबई-नागपूरच्या जागांवर मराठवाड्याच्या मुलांचा गुणवत्तेनुसार सारखाच हक्क आहे. क्रम मनातल्या इच्छेनुसारच लावा. गेल्या वर्षीचा कटऑफ बघून आवडतं कॉलेज खाली ढकललं, तर नुकसान आपलंच होतं, कारण यादी वरून खाली तपासली जाते आणि मेरिटमध्ये बसणारं पहिलं कॉलेज मिळतं. जिथं खरंच जायचं नाही, ते यादीत टाकूच नका.

जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन कॉलेजवर हजर व्हा. जाण्याआधी सगळ्यांचं स्कॅन आणि झेरॉक्सचे तीन-चार संच करून घ्या, कारण मूळ कागद कॉलेजातच जमा होतात. सरकारी कॉलेजात बाँडही लिहून द्यावा लागतो: एमबीबीएसनंतर एक वर्ष शासकीय सेवा, नाहीतर 10 लाख रुपये दंड. फीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच वर्षी करा. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस मुलींना जुलै 2024 च्या शासन निर्णयानं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तोही वरच्या कागदांबरोबरच काढून ठेवा.