कॅटेगरीला 1-2-3 नंबर देऊ नका, डमी बनवा: पेंग्विनच्या डेटावर रिग्रेशन

मल्टिपल रिग्रेशनमध्ये (म्हणजे अनेक गोष्टींवरून एका आकड्याचा अंदाज काढणाऱ्या समीकरणात) आकड्यांचे कॉलम असले की सगळ्यांना जमतं, पण 'प्रजाती' असा शब्दांचा कॉलम आला की बरेच जण त्याला 1, 2, 3 देऊन मोकळे होतात. प्लीज असं करू नका. मॉडेलला मग वाटतं की 1 वरून 2 वर जाताना जेवढा फरक पडतो तेवढाच 2 वरून 3 वर पडणार, आणि तसं काहीच नसतं.

उदाहरणाला पामर पेंग्विन्सचा डेटा घेऊ, फुकट मिळतो आणि आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेत तर 4.5 व्हर्जनपासून आतच येतो. अंटार्क्टिकातल्या पामर स्टेशनजवळच्या बेटांवर 2007 ते 2009 मध्ये मोजलेले 344 पेंग्विन, ॲडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू अशा तीन प्रजाती. दोघांची मापं नाहीत म्हणून उरले 342. आपल्याला फ्लिपरची (पेंग्विनच्या वल्ह्यासारख्या पंखाची) लांबी आणि प्रजाती यावरून वजन काढायचंय.

तीन प्रजाती म्हणजे डमी कॉलम दोनच. चिनस्ट्रॅप आहे का (0 किंवा 1), जेंटू आहे का (0 किंवा 1), दोन्ही 0 असले की ॲडेली, तोच बेसलाइन, म्हणजे बाकीच्यांची तुलना त्याच्याशी. तिसराही टाकलात तर तिघांची बेरीज कायम 1 येते, इंटरसेप्टशी (समीकरणातल्या सुट्या आकड्याशी) भांडण होतं आणि कोइफिशंट (प्रत्येक कॉलमला गुणायचे आकडे) धड निघत नाहीत. आरमध्ये कॉलम फॅक्टर (कॅटेगरीचा प्रकार) असला की हे आपोआप होतं, पायथनच्या पांडास लायब्ररीमध्ये गेट डमीज वापरताना ड्रॉप फर्स्ट ट्रू करायला विसरू नका.

मॉडेल चालवलं की साधारण हे येतं:

वजन (ग्रॅम) = −4031.5 + 40.705 × फ्लिपर (मिमी) − 206.5 (चिनस्ट्रॅप असेल तर) + 266.8 (जेंटू असेल तर)

म्हणजे 190 मिमीचा ॲडेली सुमारे 3702 ग्रॅम, तेवढ्याच फ्लिपरचा चिनस्ट्रॅप 3496, आणि 217 मिमीचा जेंटू 5068.

आता इथे नीट थांबा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. −206 बघून चिनस्ट्रॅप हलका असतो असं वाटतं ना? पण नुसतं सरासरी वजन काढलं तर चिनस्ट्रॅप 3733 आणि ॲडेली 3701, म्हणजे चिनस्ट्रॅपच जरासा जड! त्याचे फ्लिपर सरासरी 6 मिमीच्या आसपास लांब असतात, आणि कोइफिशंट सांगतो तो फरक फ्लिपर सारखा असताना पडणारा. मला रिग्रेशनमधली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. बेसलाइन बदलून चिनस्ट्रॅप केलात तर ॲडेलीसमोर +206.5 आणि जेंटूसमोर +473.3 दिसेल, प्रेडिक्शन मात्र तेच राहील, त्यामुळे आकडे बदलले म्हणून घाबरू नका.

या मॉडेलमध्ये तिघांचा स्लोप (फ्लिपर 1 मिमी वाढला की वजन किती ग्रॅम वाढतं) एकच धरलाय. फ्लिपर आणि प्रजातीचं इंटरॅक्शन टाकून (म्हणजे प्रत्येक प्रजातीला वेगळा स्लोप देऊन) बघा, ॲडेलीचा साधारण 33 येतो आणि जेंटूचा 54-55, बराच फरक आहे.

प्रेडिक्शन देताना नुसता एक आकडा देऊ नका. इथे रेसिड्युअल एरर (खरं वजन अंदाजापासून साधारण किती हटतं) 375 ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे त्या जेंटूचं वजन 4.3 ते 5.8 किलोमध्ये कुठेही असू शकतं. आरच्या प्रेडिक्टमध्ये इंटरव्हल मागताना 'प्रेडिक्शन' लिहा, 'कॉन्फिडन्स' लिहिलंत तर रेंज फारच अरुंद येईल कारण ती सरासरीची असते. आणि एम्परर पेंग्विनचं वजन या मॉडेलला विचारू नका, त्याच्यासाठी डमीच नाहीये.